उजवीकडे जाणारा बेडूक

बेडूकसाहेबांचं खरं नाव काय, हे आठवायला आता त्यांच्या सासूलासुद्धा क्षणभर थांबावं लागतं. हे नाव ठेवलं ऑफिसच्या कँटीनवाल्याने. कामासाठी म्हणून साहेबांनी काचेच्या टाक्यांमध्ये बेडूक पाळले होते. त्यातला एक महाभाग निसटून कँटीनमध्ये साखरेच्या डब्यामागे जाऊन बसला. कँटीनवाल्याने निरोप धाडला की बेडूकसाहेबांना सांगा, त्यांच्याकडचं माणूस इकडे आलंय. झालं. त्या दिवसापासून फाटकावरचा पहारेकरीसुद्धा त्यांना त्याच नावाने सलाम ठोकू लागला.

माणूस तसा साधा. पन्नाशीला टेकलेला, पोट थोडं पुढे, खिशाला पेनांची रांग. खोड एकच. कुठलीही वस्तू हलताना दिसली की ती नेमकी कशी हलते हे बघत तिथेच खिळून राहायचं. करकरणारं फाटक असो, उड्या मारत जाणारा चेंडू असो, नाहीतर काठी टेकत चाललेला म्हातारा. स्वतःच्या लग्नात ते नवरीकडे न बघता डोक्यावरच्या लटपटत्या पंख्याकडे बघत होते, असं त्यांची मेव्हणी आजही चारचौघांत सांगते. मेव्हणीच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं, पण उरलेलं निम्मं फार पक्कं असतं.

साहेबांचं काम असं होतं. शहराला पाणी देणारं तळं आणि पाणी साफ करणारा कारखाना यांच्यामध्ये एक जुना बोगदा होता, तोंडापर्यंत पाण्याने भरलेला. तो आतून कुठे तडकला आहे का हे बघायचं होतं. माणूस आत पाठवणं धोक्याचं. पंख्यावर चालणारं यंत्र सोडावं तर ते तळाचा गाळ असा काही ढवळून काढतं, की कॅमेऱ्यात नुसता चहा दिसतो. म्हणून पाणीखात्याला असं यंत्र हवं होतं, जे गाळाला न उठवता, हळूच पाय मारत, नाकासमोर सरळ जाईल. बेडूक जातो तसं. मागचे पाय पोटाशी घ्यायचे, पंजे बाहेर वळवायचे, पाणी मागे लोटायचं, आणि मग काही एक न करता आरामात पुढे सरकत राहायचं.

साहेबांनी यात जीव ओतला. उशीएवढं रबरी अंग केलं. मागे दोन लांब पाय, प्रत्येक पायाला मांडीची, गुडघ्याची आणि घोट्याची वेगळी मोटार. रबरवाल्याने पंजे इतके झकास ओतून दिले, की झाडूवाल्या मावशींनी पहिल्यांदा ते टेबलावर पाहिले तेव्हा झाडू टाकून त्या जिन्यापर्यंत पळाल्या होत्या.

घोडं अडलं ते खऱ्या बेडकांपाशी. बेडकांचं पोहणं चित्रित करून त्यांचे पाय कुठे किती वळतात ते मोजायचं आणि तेच यंत्राला शिकवायचं, असा बेत होता. पण बेडूक पोहायलाच तयार होईनात. तळाशी बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायचे, सरकारी कचेरीत बसावं तसे. काडीने डिवचलं तर एक लाथ अशी झटकन मारायचे, की चित्रात फक्त बुडबुडे. शिवाय तो वेग मोटारींना झेपणारा नव्हता. साहेबांना हवा होता लांब, संथ, घोटीव लाथ मारणारा बेडूक.

आणि तसा एक त्यांच्या घरी होता.

कोचबाई म्हणजे साहेबांच्या सौभाग्यवती. शहराच्या तरणतलावावर बायकांना पोहायला शिकवायच्या. अर्धं आयुष्य पाण्यात गेलेलं. आवाज असा, की पलीकडच्या काठावरची बाई पाण्याखाली असली तरी तिला ऐकू जावा. बेडकासारखं पोहणं ही त्यांची खासियत. लाथ अशी मारायच्या, की बघणाऱ्याला वाटावं, खायचीच झाली तर अशी खावी.

तलावाच्या एका भिंतीला पाण्याखाली एक छोटी काच होती, पंपवाल्याला आत बघता यावं म्हणून. साहेब एक दिवस कॅमेरा घेऊन तिथे हजर. बायकोला सांगितलं, कॅमेऱ्याचं रबरी झाकण पाण्यात गळतं का ते तपासायचंय, तू आपली पोहत राहा. ही तपासणी आठवडेच्या आठवडे चालली. एकदा कोचबाईंनी डोकं वर काढून विचारलंसुद्धा, की नुसते माझे पायच का काढताय. साहेब म्हणाले, झाकण खालच्या बाजूने गळतं.

पाय मोजले गेले. यंत्राला शिकवले गेले. ऑफिसात साहेबांनी सांगितलं, तीन नंबरच्या टाकीतला मोठा हिरवा बेडूक अखेर पोहला. सगळ्यांनी त्या बेडकाचं कौतुक केलं, कोणी त्याला जास्तीचे किडे घातले. तो बिचारा घड्याळ बघत बसला होता.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायला काय झालं होतं? पहिल्या दिवशी साहेबांना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी उशीर झाला. आणि मग मोठे साहेब, म्हणजे बेडूकसाहेबांचे वरिष्ठ, ते यंत्राचं चित्रण घेऊन एका बड्या परिषदेला गेले. कोट्यवधी वर्षांत निसर्गाने घडवलेली ही लाथ आहे, असं भरल्या गळ्याने बोलले आणि टाळ्या घेऊन आले. आता त्यांना कसं सांगायचं, की ती लाथ निसर्गाने घडवली हे खरं, पण ती सध्या घरी गॅसचा सिलिंडर ढकलायलाही वापरली जाते? ही झाली ऑफिसची बाजू. घरची त्याहून बिकट. आपण ऑफिसात बेडूक म्हणून नांदतोय हे कोचबाईंना कळलं असतं, तर त्या साहेबांना सोडून गेल्या नसत्या, त्यांनी साहेबांना घरातून काढलंही नसतं. त्यांनी ते मेव्हणीला सांगितलं असतं. साहेबांची झोप उडायला तेवढं पुरेसं होतं. म्हणून ते ताकास तूर लागू देत नव्हते.

अशात बेडूक उजवीकडे जाऊ लागला.

ऑफिसच्या मागच्या शेडमध्ये एक लांब हौद होता. त्याच्या तळाला मधोमध लाल रेघ मारली होती. बेडूक रेघेवर सोडायचे. निम्म्या हौदापर्यंत तो शहाण्यासारखा जायचा आणि मग हळूहळू, कोणी हाक मारल्यासारखा, उजव्या भिंतीला जाऊन घासायचा. बोगद्यात असं झालं तर तो भिंतीला घासत घासत कुठेतरी अडकून बसणार, आणि त्याला काढायला माणूस पाठवावा लागणार, म्हणजे मूळ रडगाणंच. साहेबांनी मोटारी बदलल्या. बेडूक उजवीकडे. पंजे बदलले, रबरवाल्याशी भांडण झालं, रबरवाला दोन आठवडे बोलेना. बेडूक उजवीकडे. पोटातलं वजन सरकवलं, हौदातलं पाणी बदललं, शेवटी यंत्र उलटं फिरवून दुसऱ्या टोकाकडून सोडलं. तिकडूनही त्याची उजवी बाजू ती उजवी बाजूच.

ऑफिसात गणिताची कामं करणारी एक बाई होती, तिला सगळे गणितवाली म्हणत. साहेबांपेक्षा वयाने बरीच लहान, तोंडाने तिखट, साहेबांना दादा म्हणायची आणि मोठ्या बहिणीसारखी झापायची. ती एक दिवस म्हणाली की यंत्राचा नाद सोडा, त्याला शिकवलंय काय ते मला बघू द्या. तिने डाव्या पायाचं आणि उजव्या पायाचं वळणं एकावर एक मांडलं, आणि पडद्याकडे बघत बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसली.

"दादा, यंत्राला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "तुमचा बेडूक लंगडा आहे."

खोलीतले सगळे हसले. साहेबही हसले, अर्धे.

"हसू नका, बघा. डावा पंजा आधी वर ओढला जातो, बाहेर वळतो, मग पाणी लोटतो. उजवा वरच येत नाही. नुसता लोंबतोय. मोटार तेच करतेय जे तिला सांगितलंय. तीन नंबरच्या टाकीतला ना तो? त्याला आधी डॉक्टरला दाखवा."

हसू पुन्हा फुटलं. कोणीतरी म्हणालं, एक चप्पल घालून द्या त्याला. चप्पल हा शब्द ऐकला आणि साहेब हसायचे थांबले. ते जवळच्या हत्यारांच्या पेटीवर बसले. पाना टोचत होता, तरी बसून राहिले.

कारण घरातल्या चपला त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या. गेले कित्येक महिने कोचबाईंच्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटत होती. चपलांचा दर्जा घसरलाय म्हणून त्यांनी दुकानदाराला फैलावर घेतलं होतं, नवा जोड आणला होता, तोही निसटायचा. दाराच्या पायपुसण्याला त्या अडखळायच्या आणि पायपुसण्याला शिव्या घालायच्या. घरात चालताना उजवं पाऊल फरशीवर फट्ट आपटायचं. साहेब त्यांना चिडवायचे, पाण्यात मासोळी आणि जमिनीवर बदक. ज्या माणसाला फाटकाची करकर ओळखू यायची, पंख्याची लटपट दिसायची, त्याला स्वतःच्या घरात रोज समोरून जाणारा पाय दिसला नव्हता. मोजला होता, दिसला नव्हता.

त्यांचा चेहरा बघून गणितवालीचं हसू आटलं. तिने त्यांना हौदाच्या टोकाला नेलं, आणि तिथे साहेबांनी सगळं ओकून टाकलं. काच, कॅमेरा, गळणारं झाकण, सगळं. ती आ वासून ऐकत राहिली. मग तिने हौदात तरंगणाऱ्या रबरी अंगाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पुन्हा हौदात पाहिलं.

"म्हणजे इतके महिने आम्ही वहिनींना मोटारी लावत होतो?"

साहेब खिशातली पेनं ओळीत लावू लागले.

"आणि तो रबरवाला परवा त्या पायाला घाणेरडा पाय म्हणाला. मीही म्हणाले." तिने कपाळाला हात लावला. पण गणितवालीच ती, तिचं डोकं लगेच कामाला लागलं. हा पाय आज लुळा पडलाय, तो उद्या आणखी पडेल की नाही हे कोणाला ठाऊक? साहेबांनी मोठ्या साहेबांचं काय, परिषदेचं काय, असं काहीतरी पुटपुटून पाहिलं. तिने त्यांना पुरं करू दिलं नाही. आज घरी सांगायचं, म्हणाली. तुम्ही नाही सांगितलंत तर मी येईन, आणि मी आले तर बेडकापासून सुरुवात करीन.

साहेब घरी गेले. संध्याकाळ होती, कोचबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कांदे चिरत होत्या. साहेबांनी आधी गळका नळ दुरुस्त केला, जो गळत नव्हता. मग चिरलेल्या कांद्याची तारीफ केली. कोचबाईंनी सुरी खाली ठेवली आणि विचारलं, काय फोडलंत? साहेब म्हणाले, काही नाही. मग म्हणाले, तुझा पाय दुखतो का गं? त्या म्हणाल्या, माझा पाय कशाला दुखेल? आणि मग बांध फुटल्यासारखं साहेबांच्या तोंडून सगळं बाहेर पडलं, पण उलट्या क्रमाने, त्यामुळे कोचबाईंना आधी लंगडा बेडूक कळला, मग हौद, मग परिषद, आणि सगळ्यात शेवटी ती काच.

कोचबाईंनी दोन्ही पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

"माझे पाय ऑफिसात," त्या म्हणाल्या. "कोणी कोणी पाहिले?"

"अगं, सगळ्यांना वाटतंय ते बेडकाचे आहेत."

हे बोलायला नको होतं. आजवर या घरात 'अहो' खेरीज दुसरं संबोधन ऐकू आलं नव्हतं, सासूबाईंच्या देखत नाही आणि माघारीही नाही. त्या दिवशी त्या 'अहो'चं 'अरे' झालं.

"अरे, बेडूक वाटतात त्यांना माझे पाय? आणि तू गप्प बसलास? वीस वर्षं बायका माझ्या पायांकडे बघून शिकताहेत, आणि तू ते डबक्यात नेऊन सोडलेस?"

यापुढचं बोलणं इथे देण्यासारखं नाही. शेजारच्यांनी टीव्ही बंद केला होता, एवढं सांगितलं तरी पुरे. पण त्या सगळ्या भडिमारात पायाचं जे खरं दुखणं होतं, ते त्यांनी उडवूनच लावलं. तुझं यंत्र वाकडं, तुझी नजर वाकडी, माझा पाय सरळ आहे. साहेब म्हणाले, एकदा डॉक्टरला दाखवू. त्या म्हणाल्या, बेडकाच्या सांगण्यावरून मी डॉक्टरकडे जाणार नाही.

जायच्या नव्हत्याच. पण बाई कोच होत्या. कोणी पोहण्याला नाव ठेवलं की पाण्यात उतरून दाखवायचं, हा त्यांचा शिरस्ता. शिकाऊ बायकांची परीक्षा घ्यायची त्यांची एक रीत होती. दोन दोऱ्यांच्या मधल्या पट्टीत उभं करायचं, डोळे मिटायला लावायचे आणि पोहायला सांगायचं. डोळे उघडे असले की माणूस नकळत दिशा सावरून घेतो. डोळे मिटले की पाय खरं बोलतात. दोन्ही पाय सारखे चालले तर सरळ जाल, नाहीतर ज्या पायात दम नाही त्या बाजूच्या दोरीला जाऊन अडकाल.

सकाळी तलावावर नेहमीची तुकडी जमली होती. साहेब काठावर एका कोपऱ्यात उभे होते. त्यांच्याशी घरापासून तलावापर्यंत एक शब्दही बोलला गेला नव्हता. कोचबाई काही न सांगता पाण्यात उतरल्या, डोळे मिटले आणि निघाल्या. लाथ तीच, लांब, संथ. निम्मा तलाव झाला. आणि मग त्यांचा हात उजव्या दोरीला लागला.

त्या थांबल्या. दोरीकडे असं पाहिलं, जणू कोणीतरी तिथे आत्ताच बांधली होती. परत सुरुवातीला आल्या. पुन्हा निघाल्या. पुन्हा उजवी दोरी. या वेळी आधीपेक्षा लवकर.

काठावरच्या बायकांना काही कळेना. कोचबाई पाण्यात उभ्याच राहिल्या, छातीएवढ्या पाण्यात, हात दोरीवर ठेवून. साहेबांना वाटलं आता त्या आपल्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. वर आल्या आणि तुकडीला म्हणाल्या, एकेका पट्टीत उतरा. डोळे मिटा. पोहा.

बायका उतरल्या. त्यात शाळेच्या निवृत्त हेडबाई होत्या, औषधाच्या दुकानातली होती, दोन जावा होत्या ज्या एकमेकींशी फक्त पाण्यातच बोलायच्या. डोळे मिटून सगळ्या निघाल्या. आणि तलावात जे झालं ते बघून पंपवाला हातातली बादली विसरला. एक एक करून, कोणी आधी, कोणी नंतर, सगळ्या बाया उजवीकडे सरकू लागल्या. वाऱ्याने दोरीवरचे कपडे एकाच बाजूला जावेत तशा. औषधवाली दोरीला अडकली. मोठी जाऊ अडकली, मागोमाग धाकटी. हेडबाई दोरीखालून पलीकडच्या पट्टीत गेल्या आणि तिथेही उजवीकडेच गेल्या.

बायकांनी डोळे उघडले, आपण कुठे आहोत हे पाहिलं, मग एकमेकींकडे पाहिलं. कोणालाही हसू आलं नाही. हेडबाई नाकातलं पाणी काढत जे बोलल्या, ते अगदी हळू बोलल्या.

"बाई, आम्ही तुमचं बघूनच शिकलो."

कोचबाई काठावर बसल्या. नवऱ्याने सांगितलेलं, यंत्राने सांगितलेलं त्यांनी झटकून टाकलं असतं. पण या बायकांनी त्यांच्या पायाचं मनापासून अनुकरण केलं होतं, आणि तो पाय आता अख्ख्या तलावात पसरला होता. तेवढ्यात त्यांच्या आधीच्या तुकडीतली एक, बँकेत काम करणारी, पोहून निघून चालली होती. कोचबाईंनी तिला हाक मारून उतरवलं आणि डोळे मिटायला लावले. ती बापडी काही न विचारता निघाली आणि तिरासारखी सरळ समोरच्या भिंतीला जाऊन थडकली, कारण थांब म्हणायचं भान कोणालाच राहिलं नव्हतं. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं. कोचबाईंनी मान डोलावली. आता त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी आपली दोन्ही पावलं समोर धरली आणि वर ओढून पाहिली. डावं वर आलं. उजवं थरथरलं आणि तिथेच राहिलं.

"चला," त्या साहेबांना म्हणाल्या. अहो नाही, अरे नाही. नुसतं चला.

डॉक्टर म्हातारे होते आणि कमी बोलायचे. त्यांनी पावलावर टोचून पाहिलं, ढकलायला लावलं, ओढायला लावलं, आणि विचारलं, कधीपासून? बहुतेकांना हे सांगता येत नाही, काही महिने झाले असतील, असंच लोक सांगतात. कोचबाई म्हणाल्या, बँकवालीची तुकडी गेली तोपर्यंत नव्हतं, हेडबाईंची तुकडी आली तेव्हा होतं. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. मग साहेबांनी आपल्या चित्रणाची कथा सांगितली. डॉक्टरांनी ती शेवटपर्यंत ऐकली, चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं की तो बेडूक आता कुठे आहे? त्यांच्या इतक्या वर्षांच्या धंद्यात आजाऱ्याने आपलं दुखणं इतक्या जणांमार्फत कळवल्याचं हे पहिलंच उदाहरण असणार.

तपासण्या झाल्या. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाला लागून, पाण्याने भरलेली एक बारीक गाठ निघाली. पाऊल वर उचलणारी नस तिथूनच जाते. गाठ वाढत होती, नस हळूहळू चिरडत होती, आणि दुखत काहीच नव्हतं, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. नस अजून मेलेली नाही. आणखी रखडलं असतं तर पाऊल कायमचं लोंबलं असतं. आता परत येईल का? येईल, बहुतेक. किती येईल ते आत्ता नाही सांगत. पाण्यात उतरायचं नाही, मी सांगेपर्यंत. हे शेवटचं ऐकून कोचबाईंचा चेहरा असा झाला, की साहेबांनी त्यांचा हात धरला. त्यांनी तो झिडकारला नाही, पण परतही धरला नाही.

मध्ये मोठ्या साहेबांचं प्रकरण उरकून घ्यायला हवं. बेडूकसाहेबांनी त्यांना सगळं खरं सांगितलं. मोठे साहेब खुर्चीत मागे रेलले आणि बराच वेळ छताकडे बघत राहिले. परिषदेत कोण कोण बसलं होतं ते बहुधा आठवत असावेत. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, की वहिनी परिषदेला आल्या नव्हत्या ना? नव्हत्या. मग त्यांनी उसासा टाकला आणि म्हणाले, डावा पाय चांगला आहे ना, मग उजव्यालाही डावाच शिकवा, आणि अहवालात माणसाचा पाय लिहा, कोणाचा ते लिहू नका. गणितवालीने डाव्या पायाचं वळण आरशातल्यासारखं फिरवून उजव्याला दिलं. बेडूक लाल रेघेवरून सरळ गेला. बोगद्यातही गेला, आपलं काम करून आला, गाळ उठला नाही. रबरवाल्याने टाळ्या वाजवल्या. बेडूकसाहेब मात्र टाळ्या वाजवायला तिथे नव्हते. त्या दिवशी ते दवाखान्याच्या बाकावर बसले होते, आणि आत बायकोच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया चालली होती.

आता कोणाला वाटेल, तो सरळ झालेला बेडूक आणून तलावात सोडला असेल आणि बायका त्याच्याकडे बघून नव्याने शिकल्या असतील. तसं काही झालं नाही. कोचबाईंनी तो बेडूक पाहायलाही नकार दिला. त्यांनी काठावर एक खुर्ची मागवली, पाय स्टुलावर ठेवला, आणि तिथून अख्ख्या तुकडीला उजवा पाय पुन्हा शिकवला. तोंडाने. इतकी वर्षं जे करून दाखवलं होतं, ते शब्दांत सांगताना त्यांची दमछाक व्हायची. कधी त्या खुर्चीवरून उठू बघायच्या, तेव्हा हेडबाई पाण्यातूनच ओरडायच्या, बसा. विद्यार्थिनीने कोचबाईंना गप्प करण्याचा असा चमत्कार तलावाने आधी पाहिला नव्हता.

घरी रोज संध्याकाळी व्यायाम असायचा. कोचबाई पलंगावर पाय पसरून बसायच्या, साहेब समोर स्टुलावर. साहेबांनी तळहात पावलाच्या बाहेरच्या कडेला लावायचा आणि त्यांनी तो ढकलायचा. पहिले कितीतरी दिवस तळहाताला काही म्हणता काही जाणवत नव्हतं. साहेबांनी जोर मोजायचा एक काटा ऑफिसातून आणला होता. कोचबाईंनी तो खिडकीतून बाहेर ठेवायला लावला. पुन्हा मला मोजलंस तर बघ, म्हणाल्या. 'अरे' अजून गेलं नव्हतं. साहेबांनी तक्रार केली नाही. ते नुसते तळहात लावून बसायचे, डोळे पावलावर, आणि पाऊल थरथरलं की श्वास धरायचे. त्यांची बायको वर उशीला टेकून त्यांच्याकडे बघत बसायची, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मग बोटं वर येऊ लागली. मग पाऊल कलू लागलं. दाबल्याचा भास व्हायचा, पण भास की खरं, हे साहेबांना ठरवता येत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

एका संध्याकाळी मेव्हणी आली होती. तिला अर्थातच सगळं कळलं होतं, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून साहेबांना विचारत होती की भावोजी, माझे पाय कोणत्या प्राण्यासारखे आहेत? साहेबांनी तिला उत्तर द्यायला मान वळवली, तळहात तसाच पावलावर. तेवढ्यात कोचबाईंनी गुडघा पोटाशी घेतला, पाऊल वर ओढलं, बाहेर वळवलं आणि लोटून दिलं. लांब, संथ, घोटीव. स्टूल मागे गेलं. साहेब त्याच्याही मागे गेले, आणि भिंतीला पाठ लागून फरशीवर बसले. त्यांचा श्वास अडकला होता आणि डोळे वाटीएवढे झाले होते. मेव्हणीच्या तोंडून शब्द फुटेना, आणि असं यापूर्वी कधी झालेलं कोणाच्या ऐकिवात नाही.

कोचबाई स्वतःच्या पावलाकडे बघत होत्या. ते अजून हवेत होतं, वर ओढलेलं, बाहेर वळलेलं, हलकं थरथरत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"लागलं का हो?" त्यांनी विचारलं.

साहेब खाली बसल्या बसल्या नाही म्हणून मान हलवत होते. लागलं होतं, चांगलंच लागलं होतं. पण 'अरे'च्या जागी 'हो' ऐकू आलं होतं, आणि आता उठायची घाई नव्हती.